उत्सर्जनाचा अंदाज आणि गृहीतांचे वाचन : बोम्मसंद्रा परिसराच्या निमित्ताने

बंगळूर नागरी जिल्ह्याच्या आनेकल तालुक्यातील बोम्मसंद्रा हे होसूर रस्त्यालगतचे गाव आज एक मोठी औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते. यंत्रांचे सुटे भाग, औषधे व जैवतंत्रज्ञान यांचे कारखाने, मोठी रुग्णालये, कामगारांच्या चाळी आणि त्यांच्या शेजारी उभे राहणारे बहुमजली गृहप्रकल्प असे या परिसराचे रूप आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा ही १९.१५ किलोमीटर लांबीची, सोळा स्थानकांची मेट्रो मार्गिका सुरू झाली. मेट्रोचे शेवटचे स्थानक जेथे येते तेथे बांधकामाला वेग येतो, हा आपल्याकडील सर्वच महानगरांचा अनुभव आहे. अशा प्रत्येक मोठ्या बांधकामापूर्वी एक प्रश्न विचारला जावा अशी अपेक्षा असते : हा प्रकल्प उभा राहताना आणि राहिल्यानंतर हवेत नेमके काय आणि किती सोडील?

या प्रश्नाचे उत्तर आता बहुधा संगणकाच्या आज्ञावलीतून, म्हणजे रूढ शब्दांत सॉफ्टवेअरमधून, काढले जाते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकास हा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. परंतु या उत्तराची घडण पाहिली, तर एका भूप्रदेशात तयार झालेली संहिता दुसऱ्या भूप्रदेशात नेताना जे प्रश्न उद्भवतात, तेच येथे आकड्यांच्या रूपात उभे राहतात असे दिसून येईल. अशा आज्ञावलीचा उपयोग कसा करावा आणि तिने दिलेला अहवाल कसा वाचावा, यासंबंधी काही व्यावहारिक सूचनांचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. अहवालातील अंतिम आकड्यापेक्षा त्यामागील गृहीतांची यादी अधिक महत्त्वाची असून ती वाचता येणे हे कोणत्याही सुजाण वाचकाच्या आवाक्यातील काम आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

कायद्याची चौकट

१४ सप्टेंबर २००६ रोजी केंद्र सरकारने काढलेल्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकनाच्या अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या इमारत प्रकल्पांना पूर्वपरवानगीच्या कक्षेत आणले. मात्र त्याच अधिसूचनेने इमारती, क्षेत्रविकास आणि नगरवसाहती यांच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. खाण किंवा औष्णिक वीजकेंद्र यांच्या बाबतीत स्थानिक भाषेतील सारांश लोकांपुढे ठेवला जातो आणि लोकांना मंचावर प्रश्न विचारता येतात. गृहप्रकल्पाशेजारी राहणाऱ्यांना ती संधी मिळत नाही. येथे कागदपत्रांचे परीक्षण राज्यस्तरीय तज्ज्ञ समिती करते. या समितीसमोर जो आकडा जातो त्याची पडताळणी करण्याचे ठिकाण फक्त एकच उरते, ते म्हणजे अहवालासोबत जोडलेले गृहीतांचे तक्ते. ते अपुरे वा दुर्बोध असतील, तर शेजारच्या चाळीतील रहिवाशाच्या श्वासाचा प्रश्न कोणीही न वाचताच निकालात निघतो. म्हणून या तक्त्यांची शिस्त हा केवळ तांत्रिक टापटिपीचा भाग मानता येत नाही.

अंदाज कसा घडतो

उत्सर्जनाचा कोणताही अंदाज मूलतः एका साध्या गुणाकारावर उभा असतो. कृतीचे परिमाण गुणिले उत्सर्जन गुणांक म्हणजे उत्सर्जन. एखादा जनित्रसंच वर्षात किती तास चालेल, एखादी मालमोटार किती किलोमीटर धावेल, किती हेक्टर जमीन उकरली जाईल, हे कृतीचे परिमाण होय. त्या प्रत्येक एककामागे किती ग्रॅम वा किलोग्रॅम प्रदूषक बाहेर पडते, हे गुणांक सांगतो. प्रदूषणनियंत्रणाचा एखादा उपाय योजला असेल, तर त्याच्या कार्यक्षमतेनुसार या गुणाकारातून वजावट केली जाते. आज्ञावली असे शेकडो गुणाकार एकत्र करते. तिचे सामर्थ्य एवढेच, आणि तिची मर्यादाही तेथेच आहे.

या प्रकारच्या साधनांपैकी सर्वांत सुविहित साधन म्हणून कॅलिफोर्नियातील ‘कॅलईईमॉड’ या आज्ञावलीचा निर्देश करता येईल. तेथील वायुप्रदूषण नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेमार्फत ती २०११ मध्ये उपलब्ध झाली. त्यापूर्वी ‘अर्बेमिस’ नावाची आज्ञावली वापरात होती. कॅलईईमॉडची २०२२ ची आवृत्ती महाजालावरच चालते. प्रकल्पाचा प्रकार, क्षेत्रफळ व स्थान एवढी माहिती दिली की ती पाडकाम, जागेची साफसफाई, सपाटीकरण, बांधकाम, रस्ते व वाहनतळांची फरसबंदी आणि रंगकाम या टप्प्यांचे, तसेच इमारत वापरात आल्यानंतर वाहने, वीज, पाणी व कचरा यांमुळे होणारे उत्सर्जन मांडून दाखविते. भारतातील प्रकल्पासाठी ती जशीच्या तशी वापरणे योग्य नव्हे आणि तिच्या कर्त्यांनाही तसे अभिप्रेत नाही. परंतु कोणकोणत्या स्रोतांचा हिशेब ठेवला पाहिजे याची चौकट म्हणून तिचा अभ्यास उपयुक्त ठरतो. आपल्याकडील सल्लागार साध्या तक्त्यांमध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या ‘एपी-४२’ या संकलनातील गुणांक आणि पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात ‘एआरएआय’ने ठरविलेले वाहनांचे गुणांक वापरतात, तेव्हाही पायऱ्या याच असतात.

पूर्वनिर्धारित मूल्यांचा मुलूख

वापरणाऱ्याने जी माहिती दिली नाही, ती आज्ञावली स्वतःच्या पदरची घालते. या मूल्यांना पूर्वनिर्धारित मूल्ये म्हणता येईल. पहिली व्यावहारिक सूचना त्यांच्यासंबंधी आहे : प्रत्येक पूर्वनिर्धारित मूल्याचा मुलूख कोणता, हे आधी विचारावे.

एक बोलके उदाहरण पाहू. कॅलईईमॉडमध्ये निवासी प्रकल्प निवडला की घरांतील लाकूड जाळण्याच्या शेकोट्या आणि हिरवळ कापण्याची यंत्रे हे स्रोत हिशेबात येतात. बोम्मसंद्रा येथील दहा मजली इमारतीत शेकोटी नसते. ती काढून टाकावी लागते. उलट, वीज गेली की सुरू होणारा डिझेल जनित्रसंच आज्ञावली आपण होऊन धरीत नाही. तो मुद्दाम लिहावा लागतो. बंगळूरच्या गृहप्रकल्पात मात्र जनित्रसंच असतोच. म्हणजे मूळ संहितेतील जे येथे नाही ते वगळावयाचे आणि येथे आहे पण मुळात नाही ते घालावयाचे, असे हे दुहेरी काम आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले, तेव्हा पात्रांची नावे बदलण्यावर काम थांबले नव्हते. मराठी नाट्यरूपांतराचा इतिहास ज्यांना परिचित आहे, त्यांना या कामाचे स्वरूप निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

विजेच्या बाबतीतही हेच घडते. कॅलईईमॉडमधील वीजपुरवठादारांची यादी कॅलिफोर्नियाची आहे. भारतीय जाळ्यातील विजेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण वेळोवेळी कार्बन डायऑक्साइडची आधारमूल्ये प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत ते मूल्य दर मेगावॅट-तासामागे सुमारे ०.७ टन आहे. कोळशावर अधिक अवलंबून असलेल्या आपल्या जाळ्यासाठी कॅलिफोर्नियातील मूल्य वापरले, तर हरितगृह वायूंचा आकडा अकारण लहान दिसेल.

एकके आणि सारख्या दिसणाऱ्या संज्ञा

दुसरी सूचना एककांविषयी. अमेरिकी साधनांत क्षेत्रफळ एकर वा चौरस फुटांत, दैनिक उत्सर्जन पौंडांत आणि वार्षिक उत्सर्जन टनांत असते. हा टन ९०७ किलोग्रॅमचा असतो. त्याच अहवालात हरितगृह वायूंसाठी मात्र १,००० किलोग्रॅमचा मेट्रिक टन वापरलेला असतो. शब्द एकच, वजने दोन.

बांधकामाच्या धुळीसाठी एपी-४२ मध्ये दिलेला ढोबळ गुणांक दर एकरी दरमहा १.२ टन असा आहे. मेट्रिक मानाने तो हेक्टरी दरमहा २.६९ टन होतो. समजा, बोम्मसंद्रा येथे दोन हेक्टर जागेवर सहा महिने मातीकाम चालणार आहे. २.६९ गुणिले २ गुणिले ६ म्हणजे सुमारे ३२.३ टन धूळ. एकर आणि हेक्टर यांचा घोळ करून १.२ हाच आकडा हेक्टरी धरला, तर उत्तर १४.४ टन येते, म्हणजे निम्म्याहून कमी. आज्ञावली अशा वेळी कोणताही इशारा देत नाही. तिला दिलेला आकडा ती निमूटपणे गुणते.

आता हा ३२.३ टनांचा आकडा तरी काय सांगतो? हा गुणांक एकूण तरंगत्या कणांचा आहे. दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या, म्हणजे ‘पीएम १०’ कणांचा नव्हे. भारताने नोव्हेंबर २००९ मध्ये सुधारित राष्ट्रीय मानके जाहीर केली, तेव्हा एकूण तरंगते कण हा निकष काढून पीएम १० आणि पीएम २.५ हे निकष ठेवले. म्हणून ३२.३ टन हे सर्व पीएम १० आहेत असे लिहिल्यास अंदाज फुगतो. कोणत्या आकाराच्या कणांचा आकडा आहे हे शीर्षकातच लिहावे, ही येथील साधी खबरदारी होय.

धूळ, पाऊस आणि रस्ता

वरील गुणांक सदनिका व बाजारसंकुलांच्या बांधकामावरील प्रत्यक्ष मोजमापांवर बेतलेला आहे. मध्यम स्वरूपाचे काम, मातीत बारीक कणांचे मध्यम प्रमाण आणि निमशुष्क हवामान या परिस्थितीला तो अधिक लागू पडतो, असे एपी-४२ स्वतःच नमूद करते. बंगळूरला नैर्ऋत्य मोसमी पाऊस मिळतो आणि ऑक्टोबरातही चांगला पाऊस पडतो; तेथील तांबडी माती, नागपूर-अमरावतीकडील काळी माती आणि कॅलिफोर्नियातील माती यांचे वर्तन एकसारखे असणार नाही. तेव्हा हा गुणांक पहिला ढोबळ अंदाज म्हणून वापरावा. नंतर खोदाई, भराई, मातीची वाहतूक व ढिगारे यांचा निरनिराळा हिशेब करावा आणि जागेवरील मातीचा नमुना चाळून बारीक कणांचे प्रमाण ठरवावे.

पावसासंबंधीची तिसरी सूचना अनुवादकांच्या विशेष परिचयाची वाटावी. डांबरी वा काँक्रीटच्या रस्त्यावरील धुळीच्या समीकरणात पावसाच्या दिवसांसाठी वजावट आहे. तेथे पावसाचा दिवस म्हणजे किमान ०.२५४ मिलिमीटर, अर्थात इंचाचा शंभरावा भाग, पाऊस पडलेला दिवस. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत ‘पावसाळी दिवस’ म्हणजे किमान २.५ मिलिमीटर पाऊस पडलेला दिवस. दोन्ही व्याख्यांत जवळजवळ दसपट अंतर आहे. हवामान विभागाच्या तक्त्यातील पावसाळी दिवसांची संख्या समीकरणात तशीच घातली, तर वजावट कमी होते आणि धूळ अधिक दिसते. दैनिक पर्जन्यनोंदी घेऊन समीकरणाच्या व्याख्येप्रमाणे दिवस पुन्हा मोजणे हाच यावरील उपाय आहे.

रस्त्यावरील धुळीचा मुख्य घटक म्हणजे दर चौरस मीटरवर साचलेल्या, ७५ मायक्रोमीटरहून बारीक मातीचे वजन. एपी-४२ मध्ये दिवसाला ५०० हून कमी वाहने असलेल्या रस्त्यासाठी हे मूल्य ०.६ ग्रॅम आणि १०,००० हून अधिक वाहने असलेल्या रस्त्यासाठी ०.०३ ग्रॅम सुचविले आहे. यामागील समज अशी की वर्दळीचा रस्ता वाहनांमुळेच झाडला जातो. होसूर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत, जेथे डांबराच्या दोन्ही कडांना उघडी माती असते आणि बांधकामाच्या मालमोटारी चाकांना माती घेऊन बाहेर पडतात, तेथे ही समज टिकत नाही. समीकरणात या मूल्याचा घात ०.९१ आहे, म्हणजे साचलेली माती दुप्पट झाली तर धूळ सुमारे १.९ पट होते. एवढा प्रभाव असलेले मूल्य जागेवर झाडून, चाळून, वजन करून घेणे खर्चाचे असले तरी टाळण्यासारखे नाही.

वाहने आणि त्यांचे वर्ष

इमारत वापरात आल्यानंतरच्या उत्सर्जनात वाहनांचा वाटा मोठा असतो. कॅलईईमॉड प्रत्येक सदनिकेमागे दिवसाला होणाऱ्या फेऱ्यांची संख्या अमेरिकी वाहतूक-अभियंत्यांच्या सर्वेक्षणांवरून घेते. त्या फेऱ्या प्रामुख्याने मोटारींच्या असतात. बोम्मसंद्रा येथे दुचाकी, कंपनीच्या बसगाड्या, रिक्षा, पायी जाणारे कामगार आणि आता मेट्रो असे मिश्र चित्र आहे. फेऱ्यांची संख्या, त्यांची लांबी आणि वाहनांचे प्रकार या तिन्ही गोष्टी जवळच्या, आधीच वसलेल्या तत्सम संकुलाच्या फाटकावर गणना करून ठरवाव्यात. गणना कामाच्या दिवशी व सुटीच्या दिवशी, दोन्ही वेळा व्हावी. ऑगस्ट २०२५ पूर्वीची गणना वापरावयाची असल्यास मेट्रो नव्हती हे स्पष्टपणे नोंदवावे.

गुणांकांनाही वर्ष असते. एआरएआयचे गुणांक २००७-०८ च्या सुमाराचे आहेत, आणि दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नई व कानपूर या सहा शहरांतील स्रोतनिश्चितीच्या अभ्यासासाठी ते उपयोगी पडले. परंतु १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ ची मानके लागू झाली, आणि ती वाहने त्या संचात असणे शक्य नव्हते. जुने गुणांक सर्व वाहनांना लावले तर धुराचा अंदाज वाढतो. सर्व वाहने नवीन धरली तर जुन्या मालमोटारींचा धूर अदृश्य होतो. ताफ्यातील वाहनांचे वयोमान सांगितल्याशिवाय धुराचा आकडा स्वीकारू नये. येथे आणखी एक विवेक हवा : नव्या मानकांमुळे नळीतून येणारा धूर कमी होतो, रस्त्यावरून उडणारी धूळ कमी होत नाही.

उपायांचे श्रेय

अहवालात उपायांपूर्वीचे आणि उपायांनंतरचे असे दोन आकडे शेजारी शेजारी द्यावेत. केवळ दुसरा आकडा दिल्यास वाचकाला उपाय किती निर्णायक आहे ते कळत नाही. पाणी शिंपडून धूळ निम्मी होईल असे मानले, तर वरील उदाहरणातील ३२.३ टन सुमारे १६ टनांवर येतात. कागदावर ही वजावट एका कळीच्या दाबाने मिळते. प्रत्यक्षात ती टँकरच्या फेऱ्यांनी मिळवावी लागते.

मार्च २०२४ मध्ये बंगळूरला तीव्र पाणीटंचाई जाणवली. त्या वेळी शहराच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने बांधकाम, वाहने धुणे, बागकाम आदींसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करून ५,००० रुपयांचा दंड ठरविला. धूळ अधिक उडते ती याच कोरड्या महिन्यांत. म्हणून शिंपणाचे श्रेय घेताना पाणी कोठून येईल, दिवसाला किती लिटर लागेल, प्रक्रिया केलेले सांडपाणी मिळेल काय आणि टँकरच्या फेऱ्यांचा धूर हिशेबात धरला आहे काय, या चार प्रश्नांची उत्तरे त्याच तक्त्यात असावीत. ज्या महिन्यांत पाणी निश्चित नाही, त्या महिन्यांचे श्रेय घेऊ नये.

उत्सर्जन आणि संहती

अहवाल वाचताना होणारी सर्वांत सामान्य गल्लत म्हणजे उत्सर्जन आणि संहती यांना एक मानणे. उत्सर्जन हे वजन आहे : वर्षाला इतके टन. संहती हे हवेतील प्रमाण आहे : घनमीटरला इतके मायक्रोग्रॅम. राष्ट्रीय मानके संहतीची आहेत; पीएम १० साठी चोवीस तासांची मर्यादा १०० आणि वार्षिक मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, तर पीएम २.५ साठी अनुक्रमे ६० आणि ४०. टनांचा आकडा या मर्यादांशी थेट ताडता येत नाही. त्यासाठी वारा, उष्णता आणि भूरचना लक्षात घेणारे ‘एरमॉड’सारखे विसरणाचे प्रतिमान चालवावे लागते आणि त्यातून मिळालेली वाढ मूळच्या संहतीत मिळवावी लागते. वार्षिक सरासरीबरोबर सर्वाधिक वाईट दिवसाचाही आकडा मागावा. वर्षभराच्या सरासरीत मार्चमधील धुळीचा एक आठवडा सहज विरून जातो. शेजारच्या रुग्णालयातील दम्याच्या रुग्णाला मात्र तोच आठवडा काढावयाचा असतो.

गृहीतांची नोंद

कॅलईईमॉडची एक शिस्त कोणत्याही साधनासोबत पाळण्याजोगी आहे. पूर्वनिर्धारित मूल्य बदलले की वापरणाऱ्याला बदलाचे कारण लिहावे लागते, आणि अशा बदलांची यादी अहवालात छापून येते. आपल्याकडील साध्या तक्त्यांतही चार रकाने ठेवता येतील : मूळ मूल्य व ते कोठले आहे, येथे वापरलेले मूल्य, बदलाचा आधार, आणि मूल्य वरखाली झाल्यास अंतिम आकड्यात पडणारा फरक. चौथा रकाना विशेष महत्त्वाचा. प्रत्येक मूल्य एकेकदा दुप्पट व निम्मे करून पाहिले, की अंतिम उत्तर कोणत्या दोन-तीन गृहीतांवर उभे आहे ते कळते. मोजमापाचा खर्च त्यांवरच करावा. जे पूर्वनिर्धारित मूल्य बदलले नाही, त्याच्यापुढेही ते का चालते याचे कारण लिहावे. मौन हाही एक निर्णयच असतो.

साहित्याच्या अभ्यासकाने या कामात अभियंत्याची जागा घ्यावी असे सुचवावयाचे नाही. परंतु संज्ञा कोणत्या अर्थाने वापरली आहे, विधानाचा आधार काय, मुळातील कोणती गोष्ट गाळली व कोणती भरीस घातली, हे प्रश्न विचारण्याचे त्याचे शिक्षण झालेले असते. वरील चार रकान्यांचा तक्ता कन्नड, मराठी अथवा तमिळ भाषेत आणून प्रकल्पाच्या फाटकावर लावणे हे अशा अभ्यासकांच्या सहकार्याने सहज होऊ शकेल. जनसुनावणी नसलेल्या प्रकल्पांच्या बाबतीत रहिवाशांना मिळू शकणारे ते पहिले वाचनीय पान ठरेल, आणि त्यातील कोणते मूल्य आपल्या गल्लीशी जुळत नाही हे त्यांच्याइतके अचूक दुसरे कोणी सांगू शकणार नाही.